डायनॅमोवर फोनचं चार्जिंग सारखं चालू-बंद होतंय: तीन वेळा तेच लक्षण, तीन वेगळी कारणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. रोड बाईकच्या पुढच्या चाकात हब डायनॅमो (चाकाच्या मधोमध बसलेला), त्याच्या पुढे घरी सोल्डर केलेलं छोटं सर्किट, तिथून यूएसबीची वायर फोनला. सायकल जरा वेगात आली की फोन टिंग करतो, विजेची खूण येते, पाच-सात सेकंदांनी जाते, परत टिंग, परत जाते. आणि दर टिंगला स्क्रीन पेटते. तीन तासांनी बघितलं तर बॅटरी निघताना होती त्याहून कमी, म्हणजे चार्जर लावून फोन उतरवायचा पराक्रम.

माझ्याकडे हे तीन वेळा झालंय, मधे काही महिने सगळं झकास आणि मग परत तेच. आणि गंमत म्हणजे लक्षण दर वेळी सेम, कारण दर वेळी वेगळं. पहिल्या दोन वेळेला मी काय केलं, तर टिंग ऐकली की सोल्डरिंग आयर्न तापवायला ठेवला. हा निव्वळ बावळटपणा होता. आधी काहीही न बदलता एक राइड नुसती बघण्यात घालवा, की तुटतंय नेमकं कधी. हळू असताना? खड्ड्यात? हँडल वळवल्यावर? पुढचा लाईट लावल्यावर? की तास-दीड तास चांगलं चालून मग? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं, ते नसेल तर तुम्ही नुसते पार्ट बदलत बसता.

एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घरचा चार्जर म्हणजे व्होल्टेजचा सोर्स, ५ व्होल्ट ठरलेले, करंट फोनला पाहिजे तसा घेतो. हब डायनॅमो याच्या बरोब्बर उलटा. त्यावर ६ व्होल्ट ३ वॉट लिहिलेलं असतं, पण तो खरं तर अर्ध्या अँपिअरचा करंट सोर्स आहे, म्हणजे वेग वाढला की करंट फारसा वाढत नाही, व्होल्टेज वाढतं. १५ किमीच्या वेगाला साधारण ६ व्होल्ट, ३० ला साधारण १२, करंट दोन्हीकडे जवळपास तोच. म्हणून डायनॅमोची दोन टोकं शॉर्ट केली तर तो जळत नाही, अर्धा अँपिअर फिरत राहतो बिचारा. उलट टोकं उघडी ठेवून जोरात उतार उतरलात तर लोड नसताना व्होल्टेज ४० च्या पुढेही जाऊ शकतं. मी हे फुगलेला कपॅसिटर बघून शिकलो, फोन काढून ठेवला होता, मोठा उतार होता आणि ब्रिजच्या (डायनॅमोची उलटसुलट वीज एका दिशेची करणारे चार डायोड) पुढे ३५ व्होल्टचा कपॅसिटर बसवला होता. आता ६३ व्होल्टचा आहे, बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून ५ करणारा) ६० व्होल्ट सोसणारा एचव्ही, म्हणजे हाय व्होल्टेजवाला आहे, आणि हबकडून येणाऱ्या वायरला स्विच आहे.

पहिली वेळ पटकन सांगून टाकतो, कारण ती सोपी होती. तुटायचं ते खड्ड्यात आणि खडबडीत रस्त्यावर, गुळगुळीत रस्त्यावर नाही. असं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सकडे बघूच नका, वायर आणि कनेक्टर बघा. माझी केबल एक मीटरची, बारीक, आतल्या पॉवरच्या तारा २८ गेजच्या. अशा तारेला मीटरला साधारण ०.२ ओहम रेझिस्टन्स असतो, जाऊन-येऊन ०.४, म्हणजे १ अँपिअरला ०.४ व्होल्ट केबलमध्येच गेले. घरच्या चार्जरवर हे खपून जातं, इथे आधीच काठावर चाललेलं असतं. शिवाय फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कापूस दाबून दाबून बसला होता, प्लग पूर्ण आत जातच नव्हता. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं कापूस काढला (सुई-पिन घालू नका), ३० सेंटिमीटरची जाड तारेची केबल घेतली, आणि हबच्या कनेक्टरमधल्या तारा नव्यानं पिळून बसवल्या, दोनातली एक तर जवळजवळ तुटलेली निघाली. झालं.

दुसरी वेळ मात्र लांबली. या वेळी तुटायचं ते हळू असताना, चढावर, सिग्नलला थांबून परत निघताना. तिशीच्या वर काही त्रास नाही, १८-२० ला ती टिंग-टिंग सुरू.

मी म्हटलं सोपंय, व्होल्टेज खाली जातंय, मोठा कपॅसिटर लावू. १००० मायक्रोफॅरडच्या जागी ४७०० चा घातला, बॉक्सचं झाकण बसेना म्हणून बॉक्स बदलला, आणि फरक शून्य. नंतर कागदावर हिशेब केला तेव्हा स्वतःचंच हसू आलं. ४७०० मायक्रोफॅरड १२ व्होल्टवरून साडेसहापर्यंत उतरला तर त्यातून मिळतात साधारण ०.२४ ज्यूल. फोनला ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर द्यायचा म्हणजे अडीच वॉट, कन्व्हर्टरचा तोटा धरून आत तीनच्या वर लागतात. म्हणजे तो एवढा मोठा डबडा ०.०८ सेकंद पुरला! सिग्नलला काय डोंबल पुरणार. कपॅसिटरचं काम फक्त डायनॅमोच्या लाटांमधल्या फटी भरायचं. माझ्या हबला एका फेरीत १४ आवर्तनं, चाकाचा घेर २.१ मीटर, ब्रिजमुळे एका आवर्तनाच्या दोन लाटा होतात, म्हणजे १० किमीच्या वेगाला ब्रिजच्या पुढे सेकंदाला ३७ लाटा, दोन लाटांत २७ मिलिसेकंद. तेवढ्याला १००० पुरेसा आहे.

मग खरं काय होत होतं? बक कन्व्हर्टरचा स्वभाव असा की त्याला बाहेर ठरलेली पॉवर द्यायची असते. आत येणारं व्होल्टेज कमी झालं की तो म्हणतो ठीक आहे, करंट जास्त ओढतो. साध्या अडॅप्टरवर हे बरोबर आहे. पण आपला डायनॅमो अर्ध्या अँपिअरच्या वर द्यायला तयार नाही, मग कपॅसिटर रिकामा होतो, व्होल्टेज अजून पडतं, कन्व्हर्टर अजून ओढतो, आणि दोघं मिळून धाडकन खाली येतात. फोनला दिसतं की चार्जर गेला, तो सुटतो, लोड गेल्यावर व्होल्टेज लगेच उसळून वर येतं, फोनला वाटतं नवीन चार्जर आला, टिंग. हाच तो लूप.

आता यात तेल कोणी ओतलं, तर मीच. यूएसबी सॉकेटमधल्या दोन डेटा पिन एकमेकींना जोडल्या की फोनला कळतं की हा कॉम्प्युटर नाही, भिंतीवरचा चार्जर आहे, आणि मग तो दीड अँपिअरपर्यंत मागू शकतो. घरी चार्जर बनवताना असंच करतात म्हणून मी इथेही त्या पिन सोल्डरच्या एका थेंबानं जोडून टाकल्या होत्या. जुना फोन मुळातच कमी ओढायचा म्हणून चालत होतं. नवीन फोन घेतला आणि तो सरळ १ अँपिअर मागायला लागला, म्हणजे ५ वॉट, तोटा धरून ६ च्या वर, म्हणजे अर्ध्या अँपिअरला साडेबारा व्होल्ट, म्हणजे तिशीच्या वरचा वेग. तेवढा वेग माझ्या पायांना सपाटीवर दहा मिनिटं झेपतो, तीन तास नाही. म्हणजे सर्किट बदललं नव्हतं, फोन बदलला होता, आणि मी महिनाभर सर्किट उसवत होतो.

हे पकडायची सोपी युक्ती: १० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर यूएसबी प्लगला सोल्डर करून ठेवा. ५ व्होल्टला तो बरोबर अर्धा अँपिअर घेतो, ना जास्त ना कमी, ना कसलं बोलणं-चालणं. यूएसबी मीटर (व्होल्टेज-करंट दाखवणारा) मधे लावून त्याच वेगाला त्याच रस्त्यावर फिरून या. रेझिस्टरवर व्होल्टेज पावणेपाचच्या वर स्थिर आणि फोनवर टिंग-टिंग, तर भानगड फोनच्या मागणीत आहे. दोन्हीवर पडतंय तर तुमचा पुरवठाच कमी. (रेझिस्टर चांगलाच तापतो, प्लास्टिकच्या पिशवीत टाकू नका, माझ्या एका पिशवीला भोक आहे.)

मी तो सोल्डरचा थेंब काढला. डेटा पिन मोकळ्या असल्या की बरेच फोन अर्ध्या अँपिअरच्या आसपास थांबतात, काही फोन मात्र अजिबात चार्ज घेत नाहीत, तुमचा कुठल्या जातीचा ते लावूनच कळेल. सॉकेट शक्यतो जुना चौकोनी ए टाईपच ठेवा, कारण ए-टू-सी केबलमध्ये लागणारा रेझिस्टर आतच असतो. सी टाईपचं सॉकेट बसवायचं तर त्याच्या सीसी पिनांना (समोर काय जोडलंय ते ओळखायच्या पिना) रेझिस्टर तुम्हाला लावावे लागतात, नाहीतर फोन समोर काही आहे असं धरतच नाही, आणि ती एक वेगळीच डोकेदुखी.

ब्रिजही बदलला. साधे १एन४००७ डायोड होते, प्रत्येकावर ०.८ च्या पुढे व्होल्टेज पडतं आणि करंट एका वेळी दोघांतून जातो. त्याजागी शॉटकी १एन५८१९ घातले तर दोघांत मिळून ०.८. बक ६० व्होल्टचा, मग डायोडचं काय, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो, १एन५८१९ चाळीस व्होल्टचाच आहे, म्हणून तर हबच्या वायरला स्विच लागतो आणि तो उतारावर आठवणीनं बंद करावा लागतो, ज्याला हे नको त्यानं ६० व्होल्टचा शॉटकी घ्यावा. या सगळ्यानं चार्जिंग १७ लाच यायला लागलं. बरं झालं, पण सिग्नलला थांबलं की परत टिंग ही आहेच, कारण चाक थांबल्यावर वीज कुठून येणार.

म्हणून शेवटी मधे एक लिथियम सेल घातला. बकचे ५ व्होल्ट टीपी४०५६ च्या बोर्डाला (लिथियम सेल चार्ज करणारी चिप), त्याला १८६५० सेल, सेलपासून बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज चढवून ५ करणारा), तिथून फोन. इथे एक गोष्ट विसरू नका, तो बोर्ड येतो १ अँपिअरला सेट होऊन, आणि तसाच लावलात तर मगाचाच लूप फोनऐवजी बोर्डासोबत सुरू होतो. त्यावरचा १.२ किलोओहमचा बारीक रेझिस्टर काढून ३ किलोओहमचा बसवला की चार्जिंग करंट ४०० मिलिअँपिअर होतो. जुन्या रेझिस्टरवर १२२ असं छापलेलं असतं, भिंग लागेल, आणि हात थरथरत असेल तर दुसऱ्या दिवशी करा. बोर्ड प्रोटेक्शनवालाच (सेल फार रिकामा झाला की तोडणारा) घ्या, सेल सरळ बूस्टला जोडू नका.

नुकसान काय, तर कार्यक्षमता. बकमध्ये ८० टक्के, टीपी४०५६ लिनियर (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा) असल्यामुळे त्यात तीन-चतुर्थांशच्या आसपास, बूस्टमध्ये ८५-९०, सगळे गुणले की निम्मी पॉवर फोनला पोचते. कागदावर वाईट दिसतं. पण लूपमध्ये फोन उतरत होता आणि आता चढतो, मला एवढं पुरे. सेलऐवजी रेडीमेड पॉवरबँक घालायची असेल तर घरी तपासून घ्या, बऱ्याच पॉवरबँक इनपुट लागलं किंवा गेलं की क्षणभर आउटपुट तोडतात, म्हणजे दर सिग्नलला टिंग आलीच, फक्त पैसे जास्त गेले.

यानंतर बरेच महिने शांतता. मग तिसरी वेळ, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

या वेळी पहिला दीड तास एकदम मस्त, आणि मग टिंग-टिंग. वेगाशी संबंध नाही, खड्ड्याशी नाही. अर्थ साधा होता, मधला सेल रिकामा होतोय. रिकामा झाला की अडीच व्होल्टच्या आसपास प्रोटेक्शन तोडतं, लोड गेला की सेलचं व्होल्टेज थोडं वर येतं, परत जोडतं, परत तोडतं. मी म्हटलं सेल म्हातारा झाला. नवीन घातला. दोन तास चालला आणि परत तेच. म्हणजे सेल भरतच नाहीये.

घरी सायकल उलटी करून चाक हातानं फिरवलं, रेझिस्टर लावला, सगळं चोख. टीपी४०५६ चा लाल दिवा स्थिर. रस्त्यावर नेली, २० च्या वेगाला दिवा फडफडतोय, २५ च्या पुढे गेलं तरच स्थिर होतोय. परत घरी, परत चोख. हा प्रकार चार दिवस. त्यात एक दिवस ऊन खूप होतं आणि फोननं स्वतःच तापलो म्हणून चार्जिंग बंद केलं तर मी त्यालाच कारण समजून अख्खा दिवस फोन पांढऱ्या कापडात गुंडाळून फिरलो. (लिथियम सेल ४५ अंशांच्या वर आणि शून्याच्या खाली चार्ज करू नये, ते खरंच, तेवढं फोन सांभाळतो, पण तुमचा १८६५० कोण सांभाळणार, टीपी४०५६ च्या स्वस्त बोर्डांवर तापमानाची पिन बहुतेक वेळा निगेटिव्हला जोडून निकामी केलेली असते.)

शेवटी विचार केला की घर आणि रस्ता यात फरक काय. वेग? नाही, तो दोन्हीकडे साधारण सारखाच होता. फरक एकच, घरी मी रेझिस्टरचा सरळ प्लग लावत होतो आणि रस्त्यावर फोनची केबल, जिचा प्लग एल आकाराचा आहे. तो लावला की माझं सॉकेट थोडं मागे ढकललं जायचं, आणि मागे होता स्टेमचा (हँडलला फोर्कशी जोडणारा भाग) बोल्ट. सॉकेटचं पत्र्याचं कवच बोल्टला टेकत होतं.

टेकलं तर काय बिघडलं? बरंच काही. यूएसबीचं कवच अशा छोट्या बोर्डांवर निगेटिव्हला जोडलेलं असतं. आणि माझ्या हबचं एक टोक आतून ॲक्सलला जोडलेलं आहे, बऱ्याच हबमध्ये तसं असतं. ॲक्सलपासून स्टीलचा फोर्क, फोर्कपासून स्टेम, स्टेमचा बोल्ट, बोल्टपासून कवच. म्हणजे डायनॅमोचं एक टोक आणि ब्रिजच्या पुढचा निगेटिव्ह हे फ्रेममधून थेट जोडले गेले, आणि ब्रिजच्या चार डायोडपैकी एक बायपास झाला. आता एका अर्ध्या लाटेत करंट नीट लोडमधून जातो, दुसऱ्या अर्ध्या लाटेत एका डायोडमधून परत डायनॅमोकडेच फिरून येतो. निम्मी पॉवर गुल. काही जळत नाही, काही तापत नाही, वास नाही, धूर नाही, कारण डायनॅमो शॉर्ट सोसतो. फक्त सेल हळूहळू रिकामा होत राहतो आणि दीड तासानं तुम्हाला कळतं. सेल मधे नसता तर मला हे पहिल्याच किलोमीटरला कळलं असतं, म्हणजे दुसऱ्या वेळचा उपाय तिसऱ्या वेळचा रोग लपवत होता.

आणि सॉकेट आत्ताच का टेकायला लागलं, तर पंधरा दिवसांपूर्वी मी हँडलची टेप बदलली होती आणि तेव्हा बॉक्स परत बांधताना अर्धा सेंटिमीटर मागे बांधला होता. झिप टायनं.

तपासायची पद्धत अशी. मल्टीमीटर बीपवर. एक प्रोब यूएसबी सॉकेटच्या कवचाला, दुसरा फोर्कच्या टोकाला जिथे रंग नाही तिथे किंवा ॲक्सलच्या नटाला. हबची वायर काढून ठेवा, नाहीतर ब्रिज आणि हबच्या कॉइलमधून मीटर काहीतरी वाचतो आणि गोंधळ होतो. बीप यायला नको. आता केबल लावा, फोन माउंटमध्ये ठेवा, हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा, केबल हातानं चारी बाजूंना दाबा, तरीही बीप यायला नको. जिथे आली तिथे तुमचा चोर. फोर्क कार्बनचा असेल तर बेफिकीर राहू नका, कार्बन फायबरमधूनही वीज थोडीफार जाते, आणि ड्रॉपआउट (फोर्कची टोकं, जिथे ॲक्सल बसतो) बऱ्याचदा धातूचे असतात.

उपाय म्हणाल तर लाजिरवाणा आहे. सॉकेटवर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवला, बॉक्सच्या मागे जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला. बॉक्सला आतून कुठे धातूचा स्क्रू सर्किटला टेकतोय का तेही बघितलं, एक टेकत होता, त्याजागी नायलॉनचा घातला. बास. चार दिवस आणि एक सेल घालवून रबराचा तुकडा. तो काढलेला सेल चांगलाच निघाला, आता टॉर्चमध्ये आहे.

एवढ्यात विचारलं जाईल म्हणून लाईटचं सांगून टाकतो. पुढचा लाईट त्याच हबवर असेल तर तीच पॉवर दोघांत वाटली जाते, रात्री लाईट लावल्यावर चार्जिंग तुटलं तर तो बिघाड नाही. रात्री मी फक्त लाईट लावतो, फोनला सेल पोसतो. आणि पावसात सॉकेटला रबरी टोपी लावून ठेवा, पोर्ट ओलं असेल तर फोन स्वतःच चार्जिंग नाकारतो आणि ते नाकारणं बरोबर असतं, फुंकर मारून परत परत प्लग घालू नका.

सध्या १५ च्या वेगाला दिवा स्थिर होतो, सिग्नलला टिंग नाही. एक किरकोळ त्रास उरलाय, बूस्ट कन्व्हर्टर फोन नसतानाही थोडा करंट खात राहतो आणि त्याचा स्विच बंद करायला मी विसरतो, मग चार-पाच दिवसांनी सेल रिकामा. चाक थांबल्यावर दहा मिनिटांनी बूस्टची इनेबल पिन (चालू-बंद करणारी) आपोआप खाली ओढणारं काहीतरी करायचंय. माझ्या बोर्डाची ती पिन चिपच्या खालून सरळ पॉझिटिव्हला जोडलेली आहे, ट्रेस ब्लेडनं तोडावा लागेल. कुणी तोडला असेल तर फोटो टाका, म्हणजे दुसरा बोर्ड मारायला नको.